बावखळाची कुळकथा

वसईतल्या भुईगावच्या पश्चिमेला अरबी समुद्र. तरीही या पट्ट्यात केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुलांच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या पिकल्या, त्या बावखळांच्या जिवावर. बावखळ म्हणजे विहिरीहून ऐसपैस, तळ्याहून लहान, माणसांनी खणलेला पाणवठा. पावसाळ्यात तो भरतो, रेताड जमिनीत झिरपतो; पुढे उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी त्यात पाझरत राहतं.

समुद्राच्या इतक्या जवळ गोडं पाणी टिकतं कसं? ते खाऱ्यापेक्षा हलकं असतं, म्हणून जमिनीखाली त्याच्यावर तरंगतं. डच अभियंता बादोन घायबेन आणि जर्मनीतले हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या सांध्यावर त्याचा हिशेब मांडला: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर सपाटीखाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी. हाच हिशेब उलटाही चालतो. वरची पातळी हातभर उतरली, की खालचं खारं पाणी चाळीस हात वर सरकू पाहतं.

वसईच्या वाड्यांमध्ये उपशाची ही मर्यादा रहाटानं पाळली. हे यंत्र फार जुनं. पंचतंत्रातला गंगदत्त बेडूक विहिरीतून बाहेर येतो तो रहाटाच्या गाडग्यांना धरूनच. बाबरानंही आपल्या आत्मचरित्रात पंजाबातल्या रहाटांचं बारकाईनं वर्णन केलं आहे. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांचा अंमल होता, पुढे मराठे आले, इंग्रज आले. राज्यं बदलली तरी बागायत चालू राहिली.

रहाट चालताना बघण्यासारखा असे. डोळ्यांना झापडं लावलेलं जनावर गोल फिरे. त्यासरशी आडवं दातेरी चाक उभ्या चाकाला फिरवी, पाण्यावरच्या चाकाला गाडग्यांची माळ, भरलेली गाडगी वर येऊन पन्हळीत रिकामी होत, आणि पाणी पाटानं केळीच्या आळ्यांत जाई. जनावर दमलं की उपसा थांबे. तेवढ्या वेळात बावखळ पुन्हा भरून येई. रहाटाचा सगळ्यात मोठा गुण मला हाच वाटतो: जमीन देईल त्याहून फार जास्त त्याला ओढताच येत नसे.

मग डिझेलचे आणि विजेचे पंप आले. पंपाला दम लागत नाही. शेतकऱ्याला त्यानं कष्टातून सोडवलं, त्याबद्दल कुणी नावं ठेवू नयेत. घात झाला तो पाणी विकायला काढल्यावर. वाढत्या शहरासाठी टँकर भरू लागले, किनाऱ्याकडच्या विहिरी मचूळ होऊ लागल्या. १९८०च्या दशकाअखेर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, त्यात पाण्याचा हा उपसा कळीचा प्रश्न होता. पाण्यासाठी माणसं रस्त्यावर उतरली, याचा अभिमान वाटतो.

नंतरचं संकट भरावाचं. नळ आला, वाडी विकली, बावखळात राडारोडा पडला. २०१८च्या जुलैत वसई-विरार दिवसेंदिवस पाण्यात होतं. सगळा दोष बुजलेल्या बावखळांचा नाही, पाणथळी आणि नालेही बुजले होते. पण पाऊस मुरवणारी जागा गेली की पाणी घरात येणारच. अलीकडे वसईतल्या तरुणांनी काही बावखळं उपसून साफ केली. गाळ वाडीत पसरता येतो, आणि पावसाआधी काम उरकलं तर पहिल्या सरींपासून पाणी मुरू लागतं. प्रत्येक गावानं मे महिन्यात निदान एक बावखळ असं मोकळं करावं, आणि त्यावर टँकर लावू देऊ नये.