झुंजारपणा (कुत्र्यांमधील गुण)

झुंजारपणा हा कामकरी कुत्र्यांच्या, विशेषतः टेरियर आणि बुल गटातील जातींच्या, स्वभावातील एक गुण आहे. वेदना, थकवा किंवा समोरच्या प्राण्याचे बळ यांमुळे माघार न घेता काम अखेरपर्यंत न सोडण्याची वृत्ती, असा त्याचा अर्थ आहे. इंग्रजीत या गुणाला 'गेमनेस' म्हणतात. झुंजारपणा आणि आक्रमकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तथापि व्यवहारात त्यांची वारंवार गल्लत होते. झुंजार कुत्रा जखमी झाला तरी स्वतःहून थांबत नाही. त्यामुळे त्याला केव्हा थांबवायचे, हे ठरवण्याची जबाबदारी सर्वस्वी पाळणाऱ्या माणसावर येते.

संज्ञा

इंग्रजीतील हा शब्द कोंबड्यांच्या झुंजीच्या परिभाषेतून आला आहे. जखमी होऊनही मागे न हटणाऱ्या कोंबड्याला लावले जाणारे विशेषण पुढे कुत्र्यांना व नंतर माणसांनाही लावले जाऊ लागले. मराठीत या अर्थाच्या जवळ जाणारे 'जिगर', 'चिकाटी', 'चिवटपणा' आणि 'झुंजारपणा' असे शब्द आहेत. यांपैकी 'झुंजारपणा' या शब्दात लढाईची छटा अधिक असली, तरी मूळ संकल्पनेचा गाभा 'चिवटपणा' या शब्दाने अधिक नेमका व्यक्त होतो. लढण्याची हौस हा त्या संकल्पनेचा आवश्यक भाग नाही.

कामकरी टेरियर

'टेरियर' हे नाव 'भूमी' या अर्थाच्या 'टेरा' या लॅटिन शब्दावरून आले आहे. जमिनीखालील बिळात शिरून खोकड, बॅजर यांसारख्या प्राण्यांना शोधणे आणि उंदीर-घुशी मारणे, ही या कुत्र्यांची मूळ कामे होत. महाराष्ट्रातील शहरांत हौसेने पाळला जाणारा डॅशहुंड हा टेरियर गटातील नसला, तरी त्याची निपजही अशाच कामासाठी झाली. त्याच्या जर्मन नावाचा अर्थच 'बॅजरचा कुत्रा' असा आहे. त्याचे आखूड पाय आणि लांबट अंग ही बिळातील कामाची सोय होती.

बिळात गेलेला कुत्रा एकटा असतो. तेथे अंधार असतो, वळायला जागा नसते, माती ढासळण्याचा धोका असतो आणि धन्याची आज्ञा ऐकू येईलच असे नसते. समोरच्या प्राण्याला तर निसटण्यास वाट हवी असते किंवा तो चावा घेण्याच्या पवित्र्यात असतो. अशा स्थितीत कुत्र्याने मागे न फिरता जागीच उभे राहून सतत भुंकावे, म्हणजे प्राणी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो किंवा आवाजाच्या रोखाने माणसांना वरून खणता येते. कामकरी टेरियरच्या संदर्भात झुंजारपणा म्हणजे मुख्यतः ही टिकून राहण्याची क्षमता होय.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील धर्मोपदेशक जॉन रसेल (१७९५–१८८३) यांच्या नावाने ओळखली जाणारी टेरियर जात या संदर्भात महत्त्वाची मानली जाते. विद्यार्थिदशेत ऑक्सफर्ड येथे त्यांनी 'ट्रम्प' नावाची एक कुत्री विकत घेतली. या जातीचा उगम परंपरेने तिच्यापर्यंत नेला जातो. खोकडाला बिळातच ठार करणारे कुत्रे रसेल यांना नको होते. त्याला बाहेर काढणारे कुत्रे हवे होते. घोड्यावरून होणाऱ्या पाठलागासाठी खोकड जिवंत बाहेर येणे आवश्यक होते. प्राण्याशी भिडून स्वतः जबर जखमी होणारा कुत्रा पुढील कित्येक दिवस कामास निरुपयोगी ठरतो. म्हणूनच जाणकार टेरियरपालक धीट पण संयमी कुत्र्याला अतिकडव्या कुत्र्यापेक्षा अधिक मोलाचा मानत आले आहेत.

धैर्याइतकेच शरीराच्या घडणीलाही महत्त्व असते. पुढच्या पायांमागे दोन्ही हातांचा वेढा घालून छातीचा घेर पाहण्याची पद्धत टेरियरांच्या प्रदर्शनांत आजही आढळते. छाती रुंद असेल, तर कितीही धीट कुत्रा बिळात अडकून पडतो.

बुल जाती

इंग्लंडमध्ये दावणीला बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ काही शतके चालू होता. १८३५ मध्ये ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्याने हा खेळ आणि कुत्र्यांच्या झुंजी या दोहोंवर बंदी घातली. बैलावरील खेळ उघड्यावर होत असल्याने तो लवकरच बंद पडला. झुंजी मात्र बंदिस्त जागेत लपवता येत असल्याने चोरून चालू राहिल्या. बुलडॉगचे बळ व टेरियरची चपळता एकत्र आणण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून या दोहोंचा संकर करण्यात येत होता. या संकरातून पुढे अनेक जाती निर्माण झाल्या. बर्मिंगहॅमचे जेम्स हिंक्स यांनी शतकाच्या मध्यास पांढरा बुल टेरियर घडवला. स्टॅफर्डशायर बुल टेरियरला ब्रिटनच्या केनेल क्लबची मान्यता १९३५ मध्ये मिळाली. अमेरिकेत १८९८ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड केनेल क्लबने अमेरिकन पिट बुल टेरियर या जातीची नोंदणी सुरू केली.

झुंजीच्या आखाड्यात झुंजारपणाची एक ठरावीक कसोटी होती. आखाड्यात रेषा आखलेली असे. दोन्ही कुत्र्यांना सोडवून वेगळे केल्यानंतर ज्याची पाळी असेल त्याने ती रेषा ओलांडून पुन्हा प्रतिस्पर्ध्याकडे जावे लागे. जो जाणार नाही तो हरला, असे समजले जाई. किती इजा केली याला या कसोटीत महत्त्व नव्हते. इजा सोसूनही पुढे जाण्याची तयारी हाच निकष होता. त्यामुळे बलाढ्य कुत्रा हरू शकत असे आणि मरणासन्न कुत्रा जिंकू शकत असे. प्राण्याचा एक गुण मोजण्यासाठी त्याचाच अंत पाहणारी ही कसोटी क्रूर होती. आज बहुतेक देशांत ती गुन्हा मानली जाते.

झुंजारपणा आणि आक्रमकता

आक्रमकता म्हणजे हल्ला करण्याची प्रवृत्ती. झुंजारपणा म्हणजे सुरू केलेले न सोडण्याची प्रवृत्ती. एखादा कुत्रा भीतीपोटी चटकन चावतो आणि प्रतिकार होताच पळतो. तो आक्रमक असतो, परंतु झुंजार नसतो. उलट एखादा टेरियर घरात शांत व माणसांत मिसळणारा असतो, पण घुशीच्या बिळाशी तासन्‌तास ठाण मांडून बसतो. तो झुंजार असतो, पण आक्रमक नसतो. हे दोन गुण एकाच कुत्र्यात एकत्र आले, की मात्र धोका वाढतो. असा कुत्रा क्वचितच हल्ला करील, परंतु केल्यास त्याला सोडवणे कठीण जाते.

आखाड्यातील कुत्र्यांना माणसे हातांनी सोडवीत असल्यामुळे माणसाला चावणारा कुत्रा तेथे नको असे. यावरून या जाती माणसांसाठी पूर्णपणे निर्धोक आहेत, असा निष्कर्ष काही पालक काढतात. तो ग्राह्य धरता येत नाही. निपज, संगोपन, लहानपणी मिळालेला सहवास आणि बांधून ठेवण्याची पद्धत यांनुसार प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव वेगळा घडतो. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांविषयीच्या माहितीवर आधारित अभ्यासात, कुत्र्याकुत्र्यांमधील वर्तनभेदांपैकी सुमारे ९ टक्केच भेद जातीमुळे स्पष्ट होतात, असे आढळले. अमेरिकेत २००७ मध्ये उघडकीस आलेल्या एका गाजलेल्या झुंज-प्रकरणात सोडवलेल्या कुत्र्यांपैकी अनेकांना पुढे कुटुंबांत घर मिळाले. एखाद्या कुत्र्याविषयी त्याच्या जातीवरून किंवा पूर्वायुष्यावरून अंतिम मत बनवणे योग्य नाही, हे या दोन्ही गोष्टींवरून दिसते.

महाराष्ट्र व खानदेश

महाराष्ट्रात बिळात शिरणाऱ्या टेरियरांची देशी परंपरा नाही. येथील कामकरी कुत्र्यांचे दोन प्रमुख प्रकार आढळतात. पहिला प्रकार म्हणजे दख्खनच्या पठारावरील कारवान किंवा त्याचा केसाळ उपप्रकार पश्मी, आणि कर्नाटकातील मुधोळ हाउंड, यांसारखे नजरेने सावज टिपून धावणारे कुत्रे. वेग आणि दम हे त्यांचे मुख्य गुण होत. मुधोळ हाउंडचे चित्र भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये तिकिटावर छापले. दुसरा प्रकार मेंढपाळांच्या राखणदार कुत्र्यांचा आहे.

खानदेशात, विशेषतः धुळे जिल्ह्याच्या साक्री परिसरातील ठेलारी समाज मेंढ्यांचे कळप घेऊन वर्षातील बराच काळ भटकंती करतो. खतासाठी शेतात मेंढ्या बसवल्या जातात, तेव्हा रात्री कळपाभोवती कुत्रे राखणीला असतात. माळरानावरील लांडगा, तसेच सातपुड्याच्या पायथ्याशी आणि तापीकाठच्या केळी व उसाच्या शेतांत वावरणारा बिबट्या, यांपासून कळपाला धोका असतो. राखणदार कुत्र्याचे काम टेरियरच्या कामाच्या नेमके उलट असते. टेरियरने प्राण्यापर्यंत जायचे असते; राखणदाराने कळप सोडून जायचे नसते. लांडग्यामागे धावत दूर गेलेला कुत्रा कितीही झुंजार असला, तरी मागे कळप उघडा पडतो. लांडगे टोळीने शिकार करतात आणि एक कुत्र्याला दूर नेत असताना दुसरा कळपात शिरू शकतो. म्हणून भुंकून मेंढपाळाला जागे करणारा आणि कळप व शत्रू यांच्यामध्ये ठाम उभा राहणारा कुत्रा अधिक उपयुक्त ठरतो. हिमालयातील गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा बांधतात, तोही बिबट्याने नरडे धरू नये म्हणून. केवळ कुत्र्याच्या जिगरीवर न विसंबता त्याच्या रक्षणाचीही तजवीज करणारी ही परंपरा आहे.

अलीकडे पिट बुल आणि तत्सम जाती राज्यातील शहरांत व निमशहरी भागांत पाळल्या जाऊ लागल्या आहेत. या कुत्र्यांना बिळातले किंवा कळपावरचे काम नसते. कामाविना राहिलेली चिकाटी पुरेसा व्यायाम, शिस्त व सहवास यांच्या अभावी अन्यत्र वळते. सतत साखळीला बांधलेला कुत्रा अधिक चिडखोर होण्याचा संभव असतो.

भारतातील कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार, करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजण्यास चिथावणे आणि झुंजीसाठी जागा चालवणे हे अपराध आहेत. मात्र पहिल्या अपराधासाठी या कलमात १० ते ५० रुपये एवढाच दंड आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, पाळीव प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये यासाठी आवश्यक खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य प्राण्याचा पाठलाग करणे व त्याला हाकणे यांचाही समावेश आहे. त्यामुळे कुत्र्याची 'परीक्षा' म्हणून त्याला खोकड, साळिंदर किंवा रानडुकरावर सोडणे हा गुन्हा ठरू शकतो.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने पिट बुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, तोसा इनू, डोगो अर्जेंटिनो इत्यादी २३ जातींची आयात, निपज व विक्री थांबवण्याची सूचना राज्यांना केली. संबंधितांचे म्हणणे न ऐकता हे परिपत्रक काढल्याच्या मुद्द्यावर कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिल २०२४ मध्ये रद्द केले.

रक्तपाताविना परीक्षण

झुंजारपणा पारखण्याचे निरुपद्रवी मार्गही विकसित झाले आहेत. अमेरिकेत १९७१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन वर्किंग टेरियर असोसिएशनने लाकडी चौकटींचे कृत्रिम बीळ तयार करून, त्याच्या टोकाशी पिंजऱ्यात सुरक्षित ठेवलेल्या उंदरापर्यंत कुत्रा पोहोचतो का आणि तेथे ठराविक काळ टिकून राहतो का, हे पाहण्याची पद्धत रूढ केली. यात ना कुत्र्याला इजा होते, ना उंदराला. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसांचा शोध आणि स्फोटकांचा माग यांसारख्या कामांतही, अडथळे आले तरी शोध न सोडणाऱ्या कुत्र्यांचीच निवड केली जाते. झुंजारपणाचा गाभा असलेली चिकाटी आज प्रामुख्याने अशाच कामांत उपयोगी पडते.

हेही पाहा

टेरियर
बुल टेरियर
मुधोळ हाउंड
कारवान हाउंड
ठेलारी
खानदेश