समुपदेशक कसा घडतो? सव्वाशे वर्षांची गोष्ट

रुग्णाला समुपदेशनासाठी पाठवायचे म्हटले की हमखास एक प्रश्न येतो. "डॉक्टर, त्या मॅडम गोळ्या देणार नाहीत, नुसतं बोलणार. मग बोलायला आमच्या घरी माणसं काय कमी आहेत?" प्रश्न रास्त आहे. घरातल्या माणसाचा सल्ला आणि प्रशिक्षित माणसाचे समुपदेशन यांत फरक कशाने पडतो, हे समजायला या व्यवसायाचा इतिहास उपयोगी पडतो.

१८९६ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर या मानसशास्त्रज्ञाकडे एका शिक्षिकेने १४ वर्षांचा मुलगा आणला. बुद्धी ठीक, पण साधे शब्दही नीट लिहिता येत नव्हते. विटमर यांनी त्याची तपासणी केली, तेव्हा डोळ्यांत दोष सापडला. चष्मा लागला, थोडा फरक पडला. उरलेली अडचण सोडवण्यासाठी त्याला खास पद्धतीने शिकवावे लागले. त्याच वर्षी तिथे जगातले पहिले मानसशास्त्रीय क्लिनिक सुरू झाले. आधी शरीर तपासा, मग मनाकडे वळा, हा धडा आजही तितकाच खरा आहे.

दुसरा धागा करिअर मार्गदर्शनाचा. १९०८ साली बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी नोकरी शोधणाऱ्या तरुणांसाठी एक केंद्र काढले. त्यांची रीत साधी होती: आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती घ्या आणि नंतर दोन्हींचा मेळ घाला. दहावीनंतर मुलांच्या ज्या कल चाचण्या होतात, त्यांचे मूळ याच विचारात आहे.

मानसोपचार मात्र त्या काळी बहुतांशी डॉक्टरांच्याच हातात होते. मानसशास्त्रज्ञांनी चाचण्या घ्याव्यात, एवढीच अपेक्षा असे. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या आपल्या पुस्तकात वेगळी वाट दाखवली. सल्ला देऊ नका, समोरच्याचे मनापासून ऐका, उत्तर त्याचे त्याला सापडू द्या, असे ते सांगत. त्यांनी समुपदेशनाची सत्रे ध्वनिमुद्रित केली आणि एका व्यक्तीची सगळी सत्रे शब्दशः छापली. त्यामुळे आपण कुठे चुकलो, कुठे मध्येच तोंड घातले, हे शिकणाऱ्याला तपासता येऊ लागले. ऐकणे ही शिकण्याची आणि शिकवण्याची गोष्ट झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मनाने खचलेले हजारो सैनिक अमेरिकेत परतले आणि त्यांच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ अपुरे पडू लागले. म्हणून १९४९ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे परिषद भरली. मानसशास्त्रज्ञाला संशोधनही यावे आणि रुग्णसेवाही, आणि त्याने वर्षभर प्रत्यक्ष उमेदवारी करावी, असे तिथे ठरले.

आपल्याकडे काय झाले? १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. मुंबईत टाटा समाजकार्य संस्थेने १९३७ च्या सुमारास मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढले. खरे वळण आले ते बंगळुरूत. १९५४ साली तिथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था, म्हणजे आजची निम्हान्स, उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी मानसशास्त्रज्ञांचे रुग्णालयातले प्रशिक्षण सुरू झाले. पुढे एचआयव्हीच्या साथीत सरकारी रुग्णालयांत समुपदेशक नेमले गेले. 'समुपदेशन' ही पाटी आपल्यातल्या अनेकांनी पहिल्यांदा पाहिली ती तिथेच.

कायदा मात्र मागून चालत आला. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी तिच्याकडे आली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचे, ते स्पष्ट केले: परिषदेची मान्यता असलेली पात्रता, किंवा पदव्युत्तर पदवी आणि त्यावर देखरेखीखाली रुग्णसेवेसह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. 'समुपदेशक' हा शब्द मात्र बराच काळ मोकळाच राहिला. त्यामुळे एम.ए. होऊन अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली वर्षानुवर्षे शिकलेली व्यक्तीही समुपदेशक आणि आठवड्याभराचा ऑनलाइन कोर्स केलेलीही समुपदेशक. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने समुपदेशकांनाही नोंदणीच्या कक्षेत आणले आहे. पण ती घडी नीट बसेपर्यंत चौकशी आपणच करायची आहे.

म्हणून पहिल्या भेटीत बिनदिक्कत विचारा: तुमचे शिक्षण काय? प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण कोणाच्या देखरेखीखाली घेतले? नोंदणी आहे का? माझा त्रास तुमच्या आवाक्याबाहेरचा वाटला तर मला कोणाकडे पाठवाल? चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि आत्महत्येचे विचार, भास, झोप-जेवण पार बिघडणे असे काही असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना भेटा. तातडीने बोलायचे असल्यास सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

तुमच्या मुलामुलींना या क्षेत्रात यायचे असेल, तर त्यांनाही हाच इतिहास सांगा. "मला लोकांशी छान बोलता येतं" ही चांगली सुरुवात आहे, पण तेवढ्याने भागत नाही. पदव्युत्तर शिक्षण हवे आणि त्यानंतर कोणाच्या तरी नजरेखाली चुका करत शिकण्याची तयारी हवी.

घरची माणसे बोलतात ती प्रेमाने, आणि ते हवेच. पण त्यांना आपल्याविषयी आधीच मत असते. ते बाजूला ठेवून ऐकायला शिकावे लागते. "नुसतं बोलणं" म्हणतात त्यामागे सव्वाशे वर्षांची ही मेहनत आहे.