विक्का आणि चेटूक : उसन्या वंशावळीचा प्रश्न

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधील 'विच' वर्गात शिकवताना आम्ही सहजपणे 'चेटकीण' म्हणून मोकळे होतो. 'विक्का' या धर्माच्या अनुयायीही स्वतःला 'विच' म्हणवतात. तेथे मात्र हा प्रतिशब्द तोकडा पडतो. चेटूक ही क्रिया आहे. मंत्र-तोडगे करून इष्ट वा अनिष्ट घडवू पाहणारा माणूस कोणत्याही धर्माचा असू शकतो. विक्का हा धर्म आहे. त्यात देव-देवी आहेत, दीक्षा आहे, ऋतुचक्रानुसार सण आहेत. जादू हे त्याचे एक अंग.

शब्द जुना आहे. प्राचीन इंग्रजीत 'विच्चा' म्हणजे चेटूक करणारा पुरुष. धर्म मात्र विसाव्या शतकातला. मलायात जकात अधिकारी राहिलेले जेराल्ड गार्डनर १९३६ साली निवृत्त झाले व इंग्लंडला परतले. १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट परिसरातील एका गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असे ते सांगत. चेटूकविषयक १७३५ चा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यांचे 'विचक्राफ्ट टुडे' प्रसिद्ध झाले. प्रस्तावना मार्गारेट मरे यांची होती.

हा तपशील महत्त्वाचा. चेटकिणी ठरवून मारल्या गेलेल्या स्त्रिया वस्तुतः ख्रिस्तपूर्व धर्माच्या उपासक होत्या, असा सिद्धान्त मरे यांनी १९२१ मध्ये मांडला होता. आधार होता खटल्यांतील कबुलीजबाबांचा. नॉर्मन कोन यांनी १९७५ मध्ये मूळ साधने ताडून पाहिली, तेव्हा हवेतून उडण्यासारखे अशक्य भाग मरे यांनी गाळल्याचे उघड झाले. उरलेला मजकूर अर्थातच विश्वसनीय भासत होता! संहितेचे संपादन इतिहास कसा घडवते, याचा हा वस्तुपाठच.

आमचा आक्षेप येथेच आहे. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात अदमासे चाळीस ते साठ हजार माणसे या आरोपाखाली मारली गेली. त्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या आणि बहुतेक जण साधे ख्रिस्ती होते. अनेक ठिकाणी कबुल्या छळ करून घेतल्या गेल्या. त्यांना गुप्त धर्माचे हुतात्मे ठरवणे म्हणजे, आदराने का होईना, फिर्यादीचेच म्हणणे मान्य करणे होय.

याचा अर्थ विक्का खोटा, असा नव्हे. १९५३ मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंटी यांना गार्डनर यांच्या विधिग्रंथात अॅलिस्टर क्राउली यांची वाक्ये ओळखू आली. त्यांनी तो मजकूर बराचसा नव्याने लिहिला आणि त्यांचे ते लेखन आजही विधींत म्हटले जाते. रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये या धर्माची मुळे रोमँटिक काव्य, लोकविद्या आणि गूढवादी मंडळे यांत दाखवली, तेव्हा अनेक अनुयायांनी ते स्वीकारलेही. श्रद्धेला प्राचीनतेचा दाखला लागतोच असे नाही. मृतांना मात्र त्यांचे खरे चरित्र परत मिळायला हवे.