अडीच हजारांची टिकली

गेल्या वर्षी मी अडीच हजार रुपयांचं गिटारचं पिक घेतलं. एकच. अंगठ्याच्या नखाहून जरासं मोठं, हाताने घासून कडा पॉलिश केलेलं, छोट्या लाकडी डबीत आलेलं. आईने डबी उघडली, आत पाहिलं आणि विचारलं, "बरं, आणि वस्तू कुठंय?"

मी हसलो, पण प्रश्न डोक्यातून जाईना. दुकानात साधं पिक वीस-तीस रुपयांना मिळतं. मग वरच्या पैशांत मी नक्की काय घेतलं? शोधत गेलो आणि थेट समुद्रात पोचलो.

प्लॅस्टिक येण्याआधी चांगलं पिक म्हणजे कासवाच्या कवचाचं, असंच धरलं जायचं. तेही कुठल्याही कासवाचं नाही, हॉक्सबिलचं; ससाण्यासारखी चोच असलेलं हे समुद्री कासव. वेळासला आपण ज्यांची पिल्लं बघायला जातो ती ऑलिव्ह रिडले वेगळी. हॉक्सबिलच्या पाठीवर मोठे तेरा पापुद्रे असतात, कौलांसारखे एकमेकांवर चढलेले. गरम केले की मऊ होतात, हवा तो आकार घेतात आणि घासले की आरशासारखे चमकतात. कंगवे, डब्या, चष्म्याच्या फ्रेमा, सगळं त्यातून व्हायचं. हे कवच केरॅटिनचं असतं आणि आपली नखंही केरॅटिनचीच. तारेवर हे पिक वादकांना आपल्याच बोटाचा भाग वाटायचं, यात म्हणूनच नवल नाही.

एकोणिसाव्या शतकात बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधला जात होता. त्या खटपटीत अमेरिकेत जॉन वेस्ली हायटने 1870 च्या सुमारास सेल्युलॉइड आणलं. 1922 मध्ये न्यूयॉर्कला लुइजी डी'अँड्रियाने सेल्युलॉइडच्या पत्र्यांतून साच्याने पिकं कापायला सुरुवात केली आणि पिक स्वस्त झालं. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' ज्या फिल्मवर काढला तीही याच जातीची. भुर्रकन पेट घेणारी. 2003 मध्ये पुण्यात फिल्मसंग्रहाला आग लागली तेव्हा किती जुने मराठी-हिंदी सिनेमे गेले, ते आपल्याला माहीत आहे.

गंमत म्हणजे, या नव्या पत्र्यावर कारखान्यांनी तपकिरी-पिवळे ढग उमटवले. हुबेहूब कासवाच्या पाठीसारखे. सूर कवचाचा आला नाही तरी रूप आलं. आज कुठल्याही दुकानातल्या बरणीत हात घाला, ती नक्षी हाताला लागतेच. शंभर वर्षं आपण नक्षीला दर्जा समजत आलोय.

खऱ्या कवचाची हाव मात्र संपली नाही. 1977 मध्ये 'साइट्स' करारात हॉक्सबिलच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. तरी जपान सवलत घेऊन 1992 च्या अखेरीपर्यंत कवच आयात करत राहिला. बंदीनंतर पर्यायांचा शोध वाढला. जिम डनलॉपच्या कंपनीने 1981 मध्ये आणलेल्या पिकाचं नावच 'टॉरटेक्स', म्हणजे त्यातही कासव आहेच. आज अमेरिकेत यंत्रांच्या भागांसाठी बनलेल्या कणखर पॉलिइमाइडमधून कापलेली पिकं पस्तीस-चाळीस डॉलरना विकतात. ती विकली जातात तीही बहुतेकदा 'अगदी कवचासारखी' म्हणूनच.

माझं पिक याच वंशातलं. म्हणून मी घरीच परीक्षा घेतली. मावसभावाला पाठ करून बसवलं. पिकं तीन: माझं महागडं, दुकानातलं तेवढ्याच जाडीचं, आणि तिसरं दुकानातलंच, पण कडा बारीक पॉलिश पेपरने घासून मग जीन्सच्या कापडावर चमकवलेलं. न घासलेलं त्याने लगेच ओळखलं. "याची खरखर येतेय," म्हणाला. उरलेली दोन दहा वेळा वाजवली, त्याने पाच वेळा बरोबर सांगितलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच.

एका मावसभावाने काही सिद्ध होत नाही, हे कबूल. पण कारण समजण्यासारखं आहे. सूर बदलतो तो टोकाचा आकार, जाडी, कडकपणा आणि कडेचा गुळगुळीतपणा यांनी. टोक अणकुचीदार असेल तर सूर लखलखीत, बोथट असेल तर गोलसर. त्या पदार्थाची किंमत तारेला कळत नाही. क्वीनचा ब्रायन मे तर सहा पेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं घेऊन वाजवतो आणि त्याच्या दातेरी कडेची खरखर त्याला हवीच असते. पाचगणीला शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या आवाजामागे कित्येकदा हे नाणं वाजत होतं.

मग अडीच हजार वाया गेले का? पूर्णपणे नाही. कोणीतरी बसून कडा घासल्या, त्या वेळेचे पैसे मी दिले आणि ते देण्यासारखे आहेत. हे पिक घामाने निसटत नाही, कडही अजून झिजलेली नाही. रोज तीन-चार तास वाजवणाऱ्याने आणि घासायचा कंटाळा असणाऱ्याने खुशाल घ्यावं. पण नवशिक्याने आधी वीस रुपयांचं पिक आणि एक पॉलिश पेपर घ्यावा, उरलेल्या पैशांत तारा बदलाव्यात. फरक तिथे जास्त ऐकू येईल.

आणि कोणी 'जुनं, अस्सल कवचाचं आहे' म्हणत पिक पुढे केलं, तर हात मागे घ्यावा. सूर बरा असेलही. पण तो पापुद्रा ज्याच्या पाठीवर होता, त्याने तो विकला नव्हता.

आईला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. डबीत ती हल्ली सुया ठेवते. पिक माझ्या पाकिटात असतं.