मॅट्रिक

‘मुलगा मॅट्रिक आहे’ एवढं म्हटलं की एके काळी स्थळाची निम्मी चौकशी संपत असे. हा शब्द आला लॅटिनमधल्या ‘मात्रिकुला’वरून. त्याचा अर्थ नावांची यादी, म्हणजे आपला पट. विद्यापीठाच्या पटावर नाव चढलं की माणूस मॅट्रिक झाला.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे त्याच पहिल्या तुकडीतले. परीक्षा कॉलेजच्या दाराची होती. शाळेत काय शिकवावं हे ठरवण्यासाठी ती कुणी काढली नव्हती. पण कचेऱ्या नोकरीसाठी तोच दाखला मागू लागल्या, मग कॉलेजचं तोंड न पाहणारी मुलंही मॅट्रिकला बसू लागली आणि शाळेची पत निकालावर ठरू लागली. कॉलेजात न जाणाऱ्यांसाठी वेगळा, व्यवहाराचा अभ्यासक्रम हवा, असं १८८२ च्या हंटर आयोगाने सुचवलं. त्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. जाणार कसं? किंमत होती ती मॅट्रिकच्याच दाखल्याला.

१९४८ च्या कायद्याने मुंबई प्रांतात मॅट्रिकच्या जागी एसएससी आली, १९७५ मध्ये अकरावीची दहावी झाली. शाळांचं वागणं मात्र तेच राहिलं. जूनमध्ये वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो. दिवाळीनंतर त्या तासाला भूमितीच्या बाई येतात. इतिहासाच्या पुस्तकात परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने ‘मार्च २२’, ‘जुलै २३’ लिहिलेलं असतं, आणि ज्याच्याशेजारी काहीच नाही तो परिच्छेद कुणी वाचत नाही. भाषा आणि सामाजिक शास्त्रांत शाळेच्या हातात असलेले २० गुण २०१९ मध्ये काढून घेतले, तेव्हा राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. मुलाने वर्गात उभं राहून चार वाक्यं धड बोलावीत, यासाठी ते होते. चर्चा झाली ती फक्त टक्क्यांची.

मला सगळ्यात जास्त सलतो तो १७ नंबरचा फॉर्म. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावी देता यावी म्हणून केलेली ही चांगली सोय. पण शंभर टक्के निकालाचा फलक लावायचा असतो, म्हणून काही शाळा नववीतल्या कच्च्या मुलाच्या आईला बोलावून घेतात. “ताई, याला जमायचं नाही. दाखला घ्या, १७ नंबर भरा.” ती सही करते. संध्याकाळपर्यंत पटावरचं त्याचं नाव लाल शाईने खोडलेलं असतं.