टायरची पकड आणि कायद्याची पकड

२८ जून २०२२ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. मोटारी, हलकी मालवाहू वाहने आणि ट्रक-बस यांच्या टायरांना तीन कसोट्या लागू झाल्या: फिरताना होणारा रोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि चालताना होणारा आवाज. नव्या घडणीच्या टायरांसाठी १ ऑक्टोबर २०२२ ही तारीख ठरली. आधीपासून बाजारात असलेल्यांना २०२३ पर्यंत मुदत मिळाली. या कसोट्यांचे मानक ‘एआयएस-१४२’ म्हणून ओळखले जाते आणि ते पुण्याच्या एआरएआय या संस्थेने प्रसिद्ध केले आहे.

सर्वसामान्य वाहनधारकाला या बदलाची खबरही लागली नाही. मात्र एका छोट्या वर्गाचे कान टवकारले गेले. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै, कोइम्बतूरचे करी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट अशा धावपट्ट्या काही दिवशी शुल्क घेऊन हौशी चालकांना खुल्या केल्या जातात. अशा दिवसाला ‘ट्रॅकडे’ म्हणतात. मालक स्वतःची गाडी घेऊन येतो, तिची आणि स्वतःची कुवत अजमावतो आणि बहुधा त्याच गाडीने घरी परततो. त्याला हवा असतो चिकट, मऊ, वळणावर न सुटणारा टायर. पर्यावरणाचे नियम हा टायर बाजारातून हद्दपार करतील का, ही त्याची धास्ती. तिचे उत्तर रबराच्या भौतिकीत आणि गेल्या काही दशकांच्या इतिहासात दडलेले आहे.

रबर हा अर्धा स्प्रिंगसारखा आणि अर्धा काकवीसारखा पदार्थ आहे. त्याला दाबले की तो ऊर्जा साठवतो आणि सोडले की परत देतो. पण सगळी देत नाही. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. या घटीला ‘हिस्टेरिसिस’ म्हणतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे १२ वेळा फिरते. दर फेरीला टायरचा प्रत्येक भाग रस्त्यावर दबतो, सुटतो आणि थोडी ऊर्जा गमावतो. फिरण्याचा रोध तो हाच. त्याची किंमत इंधनात मोजावी लागते.

गंमत अशी, की पकडही याच घटीतून येते. डांबरातील खडीचे सूक्ष्म उंचवटे टायरच्या पृष्ठभागात रुततात. टायर किंचित सरकू लागला, की रबर त्या उंचवट्यांवरून दबत-सुटत जाते आणि ऊर्जा गमावते. ही घटच सरकण्याला विरोध करते. के. ए. ग्रॉश यांनी १९६३ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातील शोधनिबंधात रबराच्या घर्षणाचा त्याच्या अंतर्गत ऊर्जाहानीशी असलेला संबंध प्रयोगांनी दाखवून दिला. म्हणजे शौकिनाला जी घट हवी, तीच नियमकर्त्याला नको. वरकरणी हे भांडण मिटण्याजोगे दिसत नाही.

मात्र दोन्हीकडची कंपने सारखी नसतात. फिरण्यात रबर सेकंदाला दहा-वीस वेळा दबते. खडीच्या सूक्ष्म उंचवट्यांवरून सरकताना मात्र सेकंदाला दहा हजार ते दहा लाख वेळा. रबराच्या बाबतीत कंपने वाढवणे आणि तापमान उतरवणे यांचा परिणाम सारखाच होतो. विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांनी १९५५ मध्ये या नात्याला गणिती रूप दिले होते. त्यामुळे प्रयोगशाळेत ओल्या पकडीचा अंदाज शून्य अंश सेल्सिअसच्या आसपासच्या ऊर्जाहानीवरून आणि फिरण्याच्या रोधाचा अंदाज ६० अंशांच्या आसपासच्या ऊर्जाहानीवरून बांधता येतो. एकीकडची घट राखून दुसरीकडची कमी करणारे रबर बनवता आले, तर भांडणाचे कारणच उरत नाही.

ते रबर सापडले १९९० च्या दशकात. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून टायरला बळकटी येत होती ती काजळीने. टायर काळा दिसतो तो तिच्यामुळेच. १९९२ मध्ये मिशेलिन कंपनीने काजळीच्या बऱ्याचशा भागाऐवजी सिलिका वापरलेला टायर बाजारात आणला. सिलिका आणि रबर यांचे मुळात जमत नाही. सिलेन वर्गातील संयुगे दोहोंमध्ये रासायनिक पूल बांधतात. परिणामी ओल्या रस्त्यावरची पकड टिकली आणि फिरण्याचा रोध लक्षणीय घटला. आता अशक्य गोष्ट मागितल्याचा ठपका न घेता कायद्याला दोन्ही मागण्या एकाच वेळी करता येत होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या ११७ व्या नियमाच्या दुसऱ्या टप्प्यात मोटारीच्या टायरला दर १,००० न्यूटन भारामागे १०.५ न्यूटन ही रोधाची कमाल मर्यादा आहे आणि ओल्या पकडीला किमान मर्यादाही आहे. भारतीय मानकाची घडण याच नियमाच्या धर्तीवर आहे.

दुसरी लढाई तेलांची होती. रबर मऊ आणि चिकट करण्यासाठी त्यात खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून निघणारी ॲरोमॅटिक तेले मिसळत. ती स्वस्त होती आणि पकडीला पोषक होती. पण त्यांत कर्करोगकारक बहुचक्रीय हायड्रोकार्बने असत आणि टायर झिजला की तीही धुळीत उतरत. युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशाने १ जानेवारी २०१० पासून या तेलांवर बंधन घातले: बेंझोपायरीन किलोमागे १ मिलिग्रॅमपेक्षा आणि अशी आठ संयुगे मिळून १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नकोत. युरोपात विकायच्या टायरांना हे बंधन लागू झाल्याने तिकडे निर्यात करणाऱ्या भारतीय कारखान्यांनाही ते पाळणे भाग होते. उद्योगाने प्रक्रिया केलेली पर्यायी तेले स्वीकारली. चिकट टायर नाहीसे झाले नाहीत. त्यांची पाककृती बदलली.

भारतातील शौकिनांच्या तक्रारीत आणखी एक गाठ आहे. हवा तो परदेशी टायर मिळत नाही, याचे खापर अनेकदा पर्यावरणाच्या नियमांवर फोडले जाते. वस्तुतः २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने टायरांना आयएसआय चिन्ह सक्तीचे केले आणि जून २०२० मध्ये टायरांची आयात ‘मुक्त’ गटातून ‘प्रतिबंधित’ गटात गेली. पहिला निर्णय गुणवत्तेचा, दुसरा व्यापाराचा. मोजक्या संख्येने खपणाऱ्या टायरसाठी परवाने आणि चाचण्या यांचा खर्च कोणी करत नाही, ही खरी अडचण. शिवाय दुचाकींचे टायर ‘एआयएस-१४२’ च्या कक्षेतच येत नाहीत. तरीही दुचाकीस्वारांची तक्रार तीच असते, हे पुरेसे बोलके आहे.

शर्यतीसाठीच बनवलेले टायर ११७ व्या नियमातून वगळलेले आहेत. १ ऑक्टोबर १९९० पूर्वी प्रथम नोंदणी झालेल्या वाहनांसाठीच बनवलेल्या टायरांनाही सूट आहे. पेच आहे तो मधल्यांचा. ट्रॅकडेचा हौशी चालक ना पुरता शर्यतपटू, ना निव्वळ प्रवासी. गुळगुळीत शर्यती टायर लावून त्याला रस्त्यावर येता येत नाही. भारतीय मोटार वाहन नियमांत मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. मग उरतो तो रस्त्यावर चालणारा, तरीही अतिमऊ टायर. त्याला सगळ्या कसोट्या लागू होतात.

त्याची खरी परीक्षा पुढे आहे, कारण आता कायद्याचे लक्ष झिजेकडे वळले आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार टायरची झीज जगात माणशी वर्षाला सरासरी ०.८१ किलो होते. भारतासाठी हा आकडा ०.२३ किलो, तर अमेरिकेसाठी ४.७ किलो. डिसेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओढ्यांत पावसानंतर मरणाऱ्या कोहो सामन माशांचे कोडे उलगडले. टायरला तडे जाऊ नयेत म्हणून घातले जाणारे ‘६पीपीडी’ हे रसायन ओझोनशी संयोग पावून विषारी क्विनोन बनते. रस्त्याची सुरक्षितता राखणारे रसायनच माशांच्या जिवावर उठले होते. २०२४ च्या ‘युरो ७’ नियमावलीने टायरच्या झिजेलाही मर्यादा घालायचे ठरवले असून २०२८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू होईल. भारतातही टायरचा अंत हिशेबात आला आहे: जुलै २०२२ च्या नियमांनी उत्पादक आणि आयातदारांवर टाकाऊ टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली, पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या वर्षी ७० आणि तिसऱ्या वर्षी १०० टक्के.

झिजेच्या बाबतीत सिलिकासारखी सुटका सहज दिसत नाही. मऊ रबर खडीत रुतते म्हणून धरते आणि रुतते म्हणूनच फाटते. येथे शौकिनाला आपला वाटा मान्य करावा लागेल. मात्र नियमकर्त्यालाही दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतील. कोट्यवधी वाहने रोज जी धूळ सोडतात, ती गटारांतून नद्यांत जाते. धावपट्टीवरची धूळ एका कुंपणात पडते आणि ठरवले तर तेथेच अडवता येते. हौशी चालकाने धावपट्टीवर पोहोचल्यावर शर्यतीचे टायर चढवावेत, असा तोडगा आजही आहे. पण दुसरा संच आणि तो वाहून नेण्याची सोय सर्वांना परवडत नाही. मधली वाट बंद झाली, तर हा छंद केवळ श्रीमंतांचा उरेल आणि तो रस्त्यावर उतरण्याचा धोकाही वाढेल.

रोध, तेल, आवाज: प्रत्येक नियमाच्या वेळी चांगल्या टायरचा मृत्युलेख लिहिला गेला आणि प्रत्येक वेळी रसायनशास्त्राने तो खोटा ठरवला. झिजेचा नियमही असाच पार पडेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. इतके मात्र निश्चित, की त्याचे उत्तर शौकिनांच्या निषेधपत्रातून येणार नाही आणि अधिसूचनेतूनही येणार नाही. ते शोधावे लागेल प्रयोगशाळेत, रबराच्या एखाद्या तापलेल्या तुकड्यात.