आईकडून भात, वागण्यात मका

महाडजवळची बिरवाडी लोकांना एमआयडीसीमुळे माहीत असते, पण आजूबाजूची खाचरं भाताचीच. म्हणूनच २०१८ मध्ये भारतात आलेल्या अमेरिकन लष्करी अळीची गोष्ट इथे महत्त्वाची.

ही अळी २०१६ ला आफ्रिकेत दिसली, मे २०१८ मध्ये शिवमोग्याच्या मक्यावर, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या मक्या-उसावर. पण भाताचं काय?

१९८६ साली डोरोथी पॅश्ले यांनी दाखवलं की दिसायला एकसारख्या या पतंगात दोन कुळं आहेत. एक मका, ज्वारी, कापूस खाणारं; दुसरं भात आणि हरळीसारखं गवत. आपल्याकडे कुठलं आलं? फक्त आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियातला जीन तपासला तर अनेक नमुने चक्क 'भातवाले' निघाले! धस्स झालं ना? पण झेड क्रोमोसोमवरचा टीपीआय नावाचा जीन सांगत होता, 'मकावाले'. म्हणजे बहुधा दोन कुळांचा जुना संकर. शेतातही मुख्य फटका मक्यालाच बसला.

म्हणजे बघा, एकाच जीनवर भरवसा ठेवला असता तर भाताच्या शेतकऱ्याने उगाच फवारणीवर पैसे घातले असते. असो. तरी बांधावरची एखादी अळी दिसली तर नीट बघा. डोक्यावर उलटा 'वाय' आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असतील, तर कृषी सहायकांना जरूर कळवा.